कारळ्याच्या लाखोलीची बखर

श्री. जे फूल देठावर आहे त्यास आधी नमस्कार, त्यावर येऊन बसते त्या माशीस नमस्कार, आणि मग तेहतीस कोटींस ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत एका राज्यात जे वर्तमान वर्तले ते पुसणाऱ्यांनी पुसले, म्हणून जैसे जाहले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर दुसरे दिवशी बावीस घरच्या बाया उंबऱ्यात उभ्या राहतील की आमचे नाव का नाही, आणि इतक्या जणींस चहा कोणी करावा.

राज्य म्हणाल तर तीन इमारती, मध्ये सपाट जमीन, पश्चिमेस दगडी कुंपण, दाराशी देवीचे लहान देऊळ, आणि एक पहारेकरी, जो बसल्या जागी झोपे आणि झोपल्या जागी सलाम करी. मधल्या जमिनीवर बागमंडळाचा अंमल होता. मंडळात बावीस घरे, प्रत्येक घरास एक वाफा, वाफा म्हणजे परगणा, आणि परगण्यांच्या हद्दीवरून जी भांडणे होत तेवढ्यात दोन तख्ते बुडाली असती. या राज्यात वच्छलाबाईसाहेब म्हणून थोर मानकरीण होत्या. उंची बेताची, आवाज मोठा, माहेर डोंगराकडचे, शाळा दुसरीपर्यंत. सही करीत ती सावकाश, आणि सही पुरी होईतो समोरच्याने बोलू नये असा दंडक होता. त्यांचे यजमान सोपानराव हे लाल गाड्यांच्या तळावर छत्तीस वर्षे गाड्या पुकारण्याच्या चाकरीस होते. कोणती गाडी कोणत्या फलाटास लागली हे त्यांनी भोंग्यातून सांगावे आणि हजार माणसांनी गाठोडी उचलून पळावे, ऐसा दरारा. घरी मात्र बोलणे बाईसाहेबांचे आणि ऐकणे रावांचे, त्यात उभयतांचे बरे चालले होते. मग मागल्या सालच्या पौषात रावांस अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. वीस दिवस इस्पितळात निजून होते, डोळे उघडे, ओठ हलत, शब्द नाही. तेव्हा बाईसाहेबांस कळो आले की एकट्याने बडबडणे वेगळे आणि ऐकणाऱ्यापुढे बोलणे वेगळे. समोरचा बोलू शकत असून ऐकून घेतो, तेव्हाच त्या ऐकण्यास मोल. मग त्यांनी इस्पितळाच्या जिन्यात चपला काढून देवीस नवस बोलला जे, यांस वाचा दे, तुला लाख फुलांची लाखोली वाहीन, पाडव्यापासून त्रिपुरी पौर्णिमेच्या आत, आणि फुले बाजारची नव्हेत, आमच्या मातीतली, माझ्या हातची. देवाजवळ बोलताना शहाण्याने थोडा हात राखून बोलावे, परंतु राखून बोलणे बाईसाहेबांच्या घराण्यात नव्हते. एकविसावे दिवशी रावांनी तोंड उघडिले आणि शब्द काढिला तो "चहा". बाईसाहेबांचे नाव नव्हे, देवीचे नव्हे, चहा. तरी बाईसाहेबांनी पेढे वाटले. पुढे दहाबारा शब्द परतले, त्यांत गाड्यांच्या तळावरचे अधिक, कारण छत्तीस वर्षे घोकलेले ते जिभेने सोडिले नव्हते. डॉक्टर म्हणाले, ऐसे होत असते. बाईसाहेब म्हणाल्या, देवीने दिले. आणि जिने दिले ती परतही नेऊ शकते, हे भय मात्र त्यांनी कोणास सांगितले नाही.

पाडव्याचे दिवशी बागमंडळाची सभा भरली. दोन वर्षे राज्यावर संकट होते. काकडी, भोपळा, कारले यांचे वेल कुंपणभर पसरत, पिवळी फुले येत, आणि बोटाएवढे फळ धरून गळून पडे. मंडळाच्या कारभारीण नीलांबरीबाई शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त जाहल्या होत्या आणि सभेसही वर्गच समजत. त्यांनी उभे राहून सांगितले जे, वेलांत खोट नाही, मधमाश्या येत नाहीत, म्हणून एका फुलाचे पराग दुसऱ्यास पोचत नाहीत. तरी यंदा प्रत्येक घराने आपल्या वाफ्यात अशी फुले लावावी की माशीस, भुंग्यास, फुलपाखरास मेजवानी व्हावी, आणि त्या जेवायला आल्या की जाता जाता वेलांसही भेटून जातील. बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे लग्न काकडीचं आणि पंगत झेंडूच्या दारात." सभा हसली. नीलांबरीबाई हसल्या नाहीत, पण "अगदी बरोबर, काकू" म्हणाल्या, आणि बरोबर म्हणणाऱ्या माणसावर बाईसाहेबांचा राग टिकत नसे, तेव्हा रागास दुसरे कारण शोधावे लागले. मग वाफ्यांचे वाटप जाहले. कोणी झेंडू घेतला, कोणी तुळस, कोणी तीळ, कोणी बडीशेप, आणि बाईसाहेबांनी पश्चिमेचा कुंपणालगतचा लांब पट्टा मागून घेऊन माहेराहून भावजयीकडून कारळ्याचे बी आणविले. कारळे म्हणजे ज्याची काळी चटणी भाकरीवर घेतात ते. आषाढात पेरावे आणि नवरात्राच्या सुमारास अख्खा डोंगर हळद लागल्यासारखा पिवळा व्हावा. नीलांबरीबाईंस आनंद जाहला, की कारळ्यावर माशी फार. बाईसाहेबांचे गणित निराळे होते. एका रोपास तीसचाळीस फुले, पट्ट्यात हजार रोपे, लाखोलीची अखेर यातच निघणार. ऐसे एकाच बियाण्यास दोघींनी रुकार दिला, एकीने माशीसाठी, दुसरीने देवीसाठी, आणि दोघींसही वाटले की आपण समोरचीस गुंडाळले.

लाखोलीचा नेम ऐसा होता. पहाटे साडेपाचास बाईसाहेबांनी उठावे, स्नान करावे, रावांच्या उशाशी जाऊन म्हणावे, "अहो, चहा म्हणा." रावांनी म्हणावे, "चहा." मग जीव खाली पडावा, आणि परडी घेऊन बागेत उतरावे. उन्हाळ्यात मोगरा, तगर, सदाफुली. पावसाळ्यात तेरडा, गोकर्ण, झेंडू. नवसाचे फूल म्हटल्यावर हद्द कोण पाहतो, आपल्या वाफ्यातले घ्यावे आणि शेजारणीच्या वाफ्यातलेही घ्यावे, शेजारणीस पुण्य फुकट. उजाडता देवळात बसून एकेक फूल वाहावे आणि शंभर फुले जाहली की बरणीत एक चिंचोका टाकावा. हजार चिंचोके जाहले की लाखोली पुरी. तेव्हा कोठे घरी येऊन भाकऱ्या थापाव्या. श्रावण गेला, भाद्रपद गेला, आणि पितृपक्ष सरता बरणीत चिंचोके पाचशे अठ्याहत्तर. दिवस उरले पन्नासाच्या आत. बाईसाहेबांस चिंता नव्हती. पश्चिमेस कारळे फुलू लागले होते, आणि त्या सोन्यात त्यांनी दोन्ही हात घातले.

इकडे नीलांबरीबाई श्रावणापासून रोज आठ ते नऊ बागेत खुर्ची टाकून, वही घेऊन, माश्या मोजीत. त्यांच्या शेजारी करंजाच्या कडेस उन्हात सोपानरावांची खुर्ची असे, कारण सकाळचे ऊन घ्यावे ऐसे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि दोघे न बोलता तासभर बसत, एकास बोलता येईना आणि दुसरीचे मोजणे चुके म्हणून. वहीत प्रथम तासास चाळीस माश्यांची नोंद, मग सव्वीस, मग अकरा, आणि घटस्थापनेचे दिवशी दोन, त्यातली एक मेलेली. मंडळात घबराट पसरली. कोणी म्हणे शेजारच्या मुलखात औषध फवारले, कोणी म्हणे मोबाईलचा मनोरा उभा राहिला त्याचा दोष, कोणी पहारेकऱ्याच्या विडीवर बालंट आणिले. मग तृतीयेस सभा बोलाविली आणि नीलांबरीबाईंनी वही उघडून सांगितले जे, काल सायंकाळी कारळ्याच्या पट्ट्यात उमलत्या कळ्या नऊशे मोजल्या, आज सकाळी आठास फुले चौसष्ट. माशीने यावे तरी कोणाकडे. सगळ्यांच्या माना वळल्या त्या एकीकडे. वच्छलाबाईसाहेब उठल्या. पदर खोचला. म्हणाल्या, देवाच्या फुलास मनाई करण्याचा कायदा कोणत्या मुलखात आहे तो दाखवा, मी सही करते, सावकाश करते. नीलांबरीबाई म्हणाल्या, "काकू, देवाला नको असं कोण म्हणतंय. माशीला थोडी ठेवा, एवढंच."

"माशी फेडणार आहे का माझा नवस? मास्तरीणबाई, तुमचं काही अडलेलं नाही, म्हणून तुम्हाला माश्या मोजायला वेळ आहे."

ऐसे म्हणून त्या सभा सोडून निघाल्या, आणि जाता जाता चप्पल दुसरीचीच घालून गेल्या, ती परत द्यावयास जाणे मानास न परवडून दोन दिवस दारामागे ठेविली.

त्या दिवशी दुपारी जेवताना राव घास हातात धरून थांबले आणि म्हणाले, "गाडी आली." बाईसाहेबांनी वरण वाढले. राव म्हणाले, "फलाट... रिकामा." बाईसाहेबांनी ताक दिले. रावांनी ताट सरकविले, डाव्या हाताने बाईसाहेबांचे मनगट धरिले आणि खिडकीकडे, बागेकडे ओढून पुन्हा तेच म्हटले. एवढे जोराने त्यांनी झटक्यानंतर काही धरिले नव्हते. दुसरे दिवशी बाईसाहेबांनी परडी भरली, देवळात वाहिली, पण भाकऱ्या टाकून आठास रावांबरोबर बागेत गेल्या आणि नीलांबरीबाईंच्या खुर्चीपासून चार हात लांब, पाठ करून बसल्या. सहा महिने या बागेत रोज येत होत्या, पण येत त्या अंधारात आणि जात त्या उजाडताना. आठाची बाग त्यांनी पाहिलीच नव्हती. पट्ट्यात हिरवी रोपे उभी, शेंड्यांस ठिपक्याएवढे तुटलेले देठ. ऊन कुंपणावरून खाली उतरले, आणि एक माशी आली. या देठावरून त्या देठावर गेली. एका तुटल्या शेंड्यावर बसली, तेथे रसाचा थेंब वाळला होता, तेथे क्षणभर पाय घासले, पुन्हा उठली, पुन्हा शोधले, आणि कुंपणापलीकडे निघून गेली. राव म्हणाले, "गाडी आली. फलाट रिकामा." आणि बाईसाहेबांकडे पाहिले.

मग बाईसाहेबांस सत्तर वर्षांखालचे एक दुखणे बोटांत जाणवले. माहेरी, डोंगरउतारावर, सात वर्षांच्या असता भोंडल्यासाठी त्यांनी कारळ्याची फुले ओटीभर तोडिली होती, आणि आईने, जी कधी हात उगारीत नसे, तिने तुरीची काटकी घेऊन बोटांवर मारिले होते. म्हणाली होती की हे शोभेचे फूल नव्हे, हे मोडलेस तर वर्षभर कोरडी भाकर खा. मार विसरला. शहाणपण त्याहून आधी विसरले. थोर घरी पडल्या, बाईसाहेब म्हणविल्या, सांगणाऱ्या जाहल्या, आणि सांगणाऱ्यास सांगणारे कोणी उरत नाही, हीच थोरपणाची मोठी गैरसोय. नीलांबरीबाईंनी काही विचारले नाही, हे त्यांचे त्या सालातले उत्तम वर्तन.

पंचमीस बाईसाहेबांनी स्वतः सभा बोलाविली. दारामागची चप्पल हातात घेऊन आल्या आणि जिची तिला दिली, आणि उभ्या राहून म्हणाल्या, "चोर शोधू नका. फुलं मी तोडली. पाडव्यापासून तोडते. पहारेकऱ्याच्या विडीचा काही दोष नाही, त्याची विडी मीच बंद केली, ती त्याला चालू करू द्या." इतक्या वर्षांत बाईसाहेबांनी कसूर कबूल केल्याचे कोणाच्या आठवणीत नव्हते, आणि सभेस पुढे काय करावे ते सुचेना. मग मागून एक आवाज आला की, चार मीही नेते, सोमवारची. मग दुसरी म्हणाली, गुरुवारची माझी पाच. मग तिसरीने गणपतीची एकवीस काढली, चौथीने सासूबाईंच्या फोटोचा हार, आणि ऐसे करता करता वीस घरे जाहली. प्रत्येकीस वाटे आपली चारच. शेवटी नीलांबरीबाईंनी वही मिटली, चष्मा पुसला आणि खाली पाहून सांगितले की, नवरात्रात सरस्वतीच्या तसबिरीस आपणही पाच फुले नेतो, सहाच्या सुमारास, वही आणावयाच्या आधी. बाईसाहेब म्हणाल्या, "बरं झालं. नाहीतर मला एकटीला नरकात करमलं नसतं." तेथे ठराव जाहला जे, दहा वाजेपर्यंत फुलास कोणी हात लावू नये, दहानंतर देवासाठी घरटी पाच घ्यावी, देवास थोडे उशिरा उठण्याची हरकत नसावी, तो काही दूधवाल्याची वाट पाहत नाही, आणि कारळ्याच्या पट्ट्यात कोणी शिरूच नये. ठरावावर पहिली सही बाईसाहेबांनी केली, आणि होईतो सभा गप्प राहिली.

परंतु सही करून नवस फिटत नाही. बरणीत चिंचोके सहाशे चौदा होते. बाईसाहेब देवळातल्या गंगाधरभटजींकडे गेल्या आणि सर्व सांगितले. भटजीबुवा माणूस मऊ. म्हणाले, बाजारात झेंडूची पोती मिळतात, दोन पोत्यांत काम होईल; नाहीतर चांदीचे एक फूल घडवून वाहा, शास्त्रात तोड आहे. बाईसाहेब म्हणाल्या की, बोललेली मी आहे, शास्त्र नव्हे, आणि माझे बोलणे माझ्या मातीतल्या फुलाचे होते. देवीस बाजारची पिशवी ओळखू येत नाही ऐसे तुम्हांस वाटते काय. भटजी म्हणाले, मग दोष लागेल. बाईसाहेब घरी आल्या. दोष म्हणजे कोणता हे त्यांनी विचारिले नाही, त्यांस ठाऊक होते. तो दोष करंजाजवळच्या खुर्चीत बसून ऊन खात होता.

षष्ठीस रावांस डॉक्टरांकडे नेऊन आणिले, त्यांनी औषध बदलले, पथ्य सांगितले, प्रकृती बरी म्हणाले. सप्तमीचे पहाटे बाईसाहेब उशाशी गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, चहा म्हणा." रावांनी डोळे उघडले, पाहिले, आणि मान भिंतीकडे फिरविली. बाईसाहेबांनी तीन वेळा म्हटले. शब्द नाही. दिवसभर शब्द नाही. अष्टमीस पुन्हा तेच, कप पुढे ठेविला तर घेतला, प्याले, आणि ओठ मिटले. बाईसाहेबांनी कोणास सांगितले नाही. पोळ्या करपल्या, देव्हाऱ्यातला दिवा दोनदा विझला, आणि ज्या घरात बोलणे त्यांचे असे तेथे त्याही बोलेनाशा जाहल्या. मनात एकच, की लाखोली थांबली आणि देवीने दिलेले उचलून नेले. देवी काय, माश्या काय, आणि मास्तरीण काय, माझ्या घरातला आवाज गेला, बाकीच्यांच्या काकड्या पिकोत. नवमीचे पहाटे साडेपाचास त्यांनी परडी उचलली आणि ठराव, सही, आईची काटकी सर्व मागे टाकून कारळ्याच्या पट्ट्यात शिरल्या. चार दिवस हात न लागल्याने पट्टा फुलून आला होता, अंधुक उजेडातही पिवळा दिसे. मोबाईलचा दिवा लाविला, डाव्या हातात धरिला आणि उजवा हात पहिल्या रोपास घातला, तो थांबला. देठावर एक माशी होती. मधमाशी नव्हे, दुसरी, काळसर, अंगावर निळे पट्टे, देठ जबड्यात घट्ट धरून, पाय पोटाशी घेऊन निजलेली. पाठीवर दव. बाईसाहेबांनी दिवा पुढे नेला, तो पुढल्या देठावर आणखी दोन, त्यापुढे पाच, धर्मशाळेत यात्रेकरू निजावे तशा ओळीने. एकीने उजेडाने पाय हलविला आणि पुन्हा निजली. बाईसाहेबांस वाटले, हे इतके दिवस येथेच असेल, आणि आपण न पाहता खुडीत होतो. परडीत किती झोपलेल्या गेल्या असतील आणि देवीच्या पायांवर जाग्या जाहल्या असतील, त्याचा चिंचोका कोण टाकणार. त्यांनी दिवा मालविला. उजाडेपर्यंत तेथेच कुंपणास टेकून उभ्या राहिल्या आणि देवीशी बोलल्या, या वेळी मात्र राखून. म्हणाल्या, तुला फूल कमी पडेल तर मला जाब विचार. आमच्या यांना विचारू नकोस.

मग रिकामी परडी घेऊन घरी आल्या, रावांस उठविले, आणि माशीचे, दवाचे, परडीचे सर्व सांगितले. राव ऐकत राहिले. आठास दोघे बागेत आले. नीलांबरीबाई वही घेऊन होत्या, पण लिहीत नव्हत्या. ऊन कुंपणावरून उतरले आणि पट्ट्यात पोचले, निळ्या पट्ट्यांच्या उठून उडाल्या, आणि मग पलीकडून मधमाश्या आल्या, एक, तीन, नऊ, आणि त्यापुढे मोजता येऊ नयेत इतक्या, सगळ्या पट्ट्यातून बारीक घूं असा आवाज निघू लागला, आणि त्यांतल्या चार वळून कारल्याच्या वेलावरही गेल्या. सोपानराव खुर्चीचा दांडा धरून उठले. डावा हात तोंडाशी नेला, भोंग्यापुढे धरीत तसा, आणि जो आवाज छत्तीस वर्षे हजार माणसे पळवी, त्याच आवाजात, अडखळता अडखळता, पण पुरे म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. गाडी... फलाट क्रमांक तीनवर... लागली आहे. गर्दी करू नये." नीलांबरीबाईंची वही खाली पडली. पहारेकरी जागा जाहला आणि सवयीने सलाम केला. बाईसाहेबांनी पदर डोळ्यांस लाविला, मग तोच पदर खोचून रावांसमोर उभ्या राहिल्या.

"दोन दिवस तोंडाला कुलूप का होतं मग?"

राव पुष्कळ वेळ शब्द शोधीत राहिले. मग म्हणाले, "साखर."

डॉक्टरांनी सांगितलेल्या पथ्याप्रमाणे सप्तमीपासून रावांचा चहा बिनसाखरेचा होत होता. देवीचा कोप नव्हता. राव रुसले होते. बाईसाहेब तेथेच मटकन बसल्या आणि इतक्या हसल्या की नीलांबरीबाईंनी पाणी आणविले. त्या दिवशी चहात अर्धा चमचा साखर पडली, डॉक्टरांस कळविले नाही.

त्यानंतर कारळ्यास कोणी हात लाविला नाही. फुले उमलली, माश्या आल्या, फुले सुकली, बोंडे काळी पडली. कार्तिक लागता रोपे कापून गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळविली, काठीने झोडली, सुपाने पाखडली, आणि तीन शेर कारळे निघाले, काळे, तुकतुकीत, मुंगीच्या अंगासारखे. त्रिपुरीस चार दिवस उरले होते. बाईसाहेब मूठ भरून पाहत बसल्या आणि त्यांच्या मनात काय आले कोण जाणे, त्यांनी पांढरी थाळी घेतली, चष्मा लाविला, आणि दाणे मोजू लागल्या. हजार दाणे जाहले. ते पूजेच्या पळीत ओतले, तो पळी बरोबर काठोकाठ. मग नीलांबरीबाईंस बोलाविले, कारण त्यांचे मोजणे पक्के, आणि त्यांनी पुन्हा हजार मोजून पळी भरली, बरोबर. मग दोघींनी साडेअडतीस पळ्या आणि वर शंभर दाणे मोजून भांड्यात ओतले. पाडव्यापासून एकसष्ट हजार चारशे फुले मोडली, त्यास परड्या लागल्या, सहा महिने लागले, कंबर धरली. उरलेले अडतीस हजार सहाशे एका फुलपात्रात मावले. दोघीही त्या फुलपात्राकडे पाहत राहिल्या.

पौर्णिमेस देवळात सर्व मंडळ जमले. भटजींनी फुलपात्रात पाहिले आणि कपाळास आठी घातली. म्हणाले, तिळाची लाखोली ऐकली, तांदळाची ऐकली, कारळ्याची ऐकली नाही; आणि नवस तर फुलांचा. बाईसाहेब म्हणाल्या, "भटजीबुवा, बी हे फुलाचं कोण लागतं?"

भटजी म्हणाले, "लेक म्हणा."

"मग आई आजारी असली तर लेकीच्या हातचा नैवेद्य देवीला चालतो की नाही? आणि ही तर माझ्या मातीतली, माझ्या हातची. मध्ये दुसऱ्यांचे हात लागले ते माशीचे. त्यांचं सोवळं तुमच्याहून कडक, त्या फुलाखेरीज कशाला शिवत नाहीत."

भटजी हसले आणि मंत्र म्हणू लागले. बाईसाहेबांनी पळीपळीने कारळे वाहिले, नीलांबरीबाई शेजारी बसून बरणीत चिंचोके टाकीत गेल्या, एका पळीस दहा, आणि अखेरचे शंभर दाणे बाईसाहेबांनी चिमटीने एकेक वाहिले. हजारावा चिंचोका पडला. भटजींनी सांगितले, लाखोली पूर्ण जाहली ऐसे यजमानांनी म्हणावे. सगळ्यांनी सोपानरावांकडे पाहिले. राव उभे राहिले. शब्द जवळ नव्हता, त्यांनी शोधिला, आणि जो सापडला तो सांगितला.

"गाडी वेळेवर."

येणेप्रमाणे लाखोलीचे वर्तमान. फुलांचे निर्माल्य खड्ड्यात गेले त्याचे खत जाहले. कारळ्याचे निर्माल्य बाईसाहेबांनी देवीच्या पायांवरून उचलून बावीस घरांस चिमूट चिमूट वाटले, आषाढात पेरावे आणि मोडू नये या अटीवर. राहिल्या कारळ्याची चटणी केली, तिखट जाहली. वेलावरची पहिली काकडी नीलांबरीबाईंनी स्वतः आणून दिली, बाईसाहेब कडू आहे म्हणाल्या आणि उभ्या उभ्या सगळी खाल्ली. आता पहाटे साडेपाचास त्या उठतात, रावांकडून चहा म्हणवून घेतात आणि बागेत जातात. परडी नेत नाहीत. ज्या निजलेल्या असतात त्यांस जाग न येईल ऐसे लांबून पाहून, दहा वाजण्याची वाट पाहत परत येतात. लेखनसीमा.